मालतीला येणारा वास

वैशाखातल्या दुपारी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेल्या मोगऱ्याच्या कळ्यांना जो वास असतो, तो उमललेल्या मोगऱ्याला नसतो. त्यात अजून देठाचा हिरवेपणा असतो, ओल्या सुती कापडाचा गारवा असतो, आणि संध्याकाळी आपण उमलणार हे ठाऊक असल्यासारखी एक दबलेली उत्कंठा असते. मखमलाबादला माझ्या मावसबहिणीच्या, सुमनच्या घरी गेलं की ओट्यावरच ही टोपली भेटते आणि चपला काढायच्या आधी मी वाकून त्या कळ्यांचा वास घेते. सुमन हसते. "घे गं ताई, माझ्या वाटचाबी तूच घे," म्हणते. त्या साथीच्या वर्षी तिला ताप आला, आणि जाताना तो तिचं नाक घेऊन गेला. इतरांना हळूहळू वास यायला लागले, तिला आलेच नाहीत. फुलांच्या मळ्यात जन्मलेली आणि फुलांच्याच मळ्यात दिलेली ही बाई तेव्हापासून मोगरा, गुलाब, निशिगंध नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखते आहे. "फुलं आता रंगापुरतीच राहिली," असं ती एकदा गजरा गुंफताना म्हणाली होती, आणि दोऱ्याला गाठ मारून पुढच्या कामाला लागली होती.

मला मात्र वासांचं वेड आहे, आणि त्याहून जास्त वासाच्या शब्दांचं. नवऱ्याच्या नोकरीपायी आमची उमेदीची वर्षं इंडोनेशियात, सुराबायाला गेली. तो सूतगिरणीत असायचा, मी बाजारात. मासळीवालीशी आणि भाजीवालीशी हुज्जत घालत मी तिथली भाषा शिकले, आणि नाशिकरोडला परत आल्यावर, नवरा गेल्यानंतर, तीच भाषा माझ्या पोटापाण्याची सोय झाली. इथून तिकडे शेंगदाणे, मिरची, कांदा पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचे करारनामे, दाखले, कंटेनरच्या दारावर चिकटवायच्या सूचना मी घरबसल्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करून देते. काम रूक्ष आहे, पण ते संपलं की चहाचा कप घेऊन गच्चीवर जाता येतं, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांकडे पाहत बसता येतं, आणि कुणीही मागितलेला नाही असा एक लेख मनात पुढे सरकवता येतो. तो लेख तिथल्या भाषेतल्या इंद्रियांच्या क्रियापदांवर आहे. रिकामा न्हावी म्हणा हवं तर, पण मला त्यात आनंद आहे.

त्या भाषेत क्रियापद हे मुळात एक बी असतं. 'लिहात' हे पाहण्याचं बी. त्याला एक उपसर्ग लावला की 'मलिहात', म्हणजे माणूस डोळे उघडून, ठरवून पाहतो. दुसरा लावला की 'तर्लिहात', म्हणजे काहीतरी दिसलं, पाहणाऱ्याची इच्छा असो वा नसो. ऐकण्याचं तसंच, आणि वासाचंही. 'मन्चिउम' म्हणजे वास घेणं. 'तर्चिउम' म्हणजे वास येणं. आपण मराठीतही हा भेद पाळतो. पाहते ती मी, पण दिसतं ते मला. ऐकते ती मी, पण ऐकू येतं ते मला. कर्तेपण सोडून माणूस जरा बाजूला सरकतो आणि 'मला' म्हणत उंबरठ्याशी उभा राहतो. तिकडे मात्र 'तर्चिउम' म्हणताना तो 'मला'सुद्धा पुष्कळदा गळून जातो. वास आहे आणि तो पोचला आहे, एवढंच सांगायचं. कुणाच्या नाकाशी, हा प्रश्न उरत नाही. आमच्या सुराबायाच्या गल्लीत तिन्हीसांजेला एखादी म्हातारी बोलता बोलता थबकून हा एक शब्द उच्चारायची, तेव्हा ओट्यांवरच्या बायका गप्प व्हायच्या. जवळपास झाड नसताना चाफ्याचा वास यावा, हे तिथे चांगलं लक्षण मानत नाहीत. मीही त्यांच्याबरोबर गप्प व्हायचे, आणि मग घरी येऊन स्वतःलाच हसायचे.

'चिउम' या मूळ शब्दाचा तिथे आणखी एक अर्थ आहे, मुका. मुका घेणं आणि हुंगणं यांना ती माणसं वेगळं काढतच नाहीत. तिथल्या आज्या नातवंडांच्या गालाला नाक टेकवून श्वास आत ओढतात. जुन्या काळी आपल्याकडेही परतून आलेल्या लेकराचं मस्तक हुंगत असत. ती रीत आपण कधी सोडली कोण जाणे.

सुमनची सून तिथली आहे. सुमनचा मुलगा अमोल माझ्याच नवऱ्याच्या ओळखीने सुराबायाच्या गिरणीत लागला, आणि तिथेच त्याने लग्न केलं. मुलीचं नाव मलाती. मलाती म्हणजे तिथला मोगरा, नाव मात्र आपल्या मालतीचंच समुद्रापार गेलेलं रूप. माळ्याच्या घरात फुलाच्या नावाची सून आली म्हटल्यावर सुमनने पहिल्याच दिवशी तिला मालती करून टाकलं आणि परकेपणाची अर्धी भिंत तिथेच पाडली. मालतीला आई नाही. दिवस राहिले तेव्हा गिरणीच्या दोन पाळ्यांत अडकलेल्या अमोलने तिला पाचव्या महिन्यात इकडे आणून सोडलं. बाळंतपणाच्या आधी, आषाढात, तो येणार होता. समुद्रकाठच्या गावात बांबूच्या ताटव्यांवर मासे सुकताना पाहत वाढलेली ती मुलगी मखमलाबादच्या माळकरी घरात, कांदा चिरायलासुद्धा एकादशी पाहणाऱ्या सासूजवळ, मुकाट्याने राहू लागली. तिला मराठी येत होतं ते पाणी, भूक, आई, नको आणि छान एवढंच. बाकीचं सगळं माझ्याकडे फोनवर साचायचं.

सुमनने तिला घरातली सगळ्यात थंड खोली दिली. ही खोली पूर्वी धान्याची. उत्तरेकडची, जाड भिंतीची, उन्हाळ्यातही गार. तिचे प्लायवूडच्या पडदीने दोन भाग केले. पुढच्या भागात पलंग आणि अमोलने पैसे पाठवून बसवून घेतलेला एसी, मागच्या भागात पत्र्याच्या कोठ्या. पडदी वर छतापर्यंत पोचत नव्हती, पण त्याची गरज कुणाला वाटली नाही. वर्षाचा गहू या दिवसांतच भरला जातो. दरवर्षी सुमन गव्हाला एरंडेल चोळायची, कडुलिंबाचा पाला घालायची. गेल्या साली तरीही किडे पडले होते, आणि यंदा सून बाळंत होणार, पाहुणेरावळे येणार, म्हणून तिच्या नवऱ्याने, रामभाऊंनी, खत-औषधांच्या दुकानातून गव्हात टाकायच्या गोळ्या आणल्या. गहू कोठ्यांत मावला नाही. उरलेली पोती त्यांनी शेजारीच रचली, त्यांच्यातही गोळ्यांच्या पुरचुंड्या खोचल्या, वर ताडपत्री टाकली आणि हात धुऊन ते जेवायला बसले. हे सगळं मला नंतर कळलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मालती म्हणाली की वास येतो आहे.

सुमनचा मला फोन आला तेव्हा तिच्या आवाजात लगीनघाई होती. "ताई, तिला जरा ईचार बरं, कोणचा मासा पाह्यजे. सारखी नाकाला पदर लावती आन् मासा मासा करती." हा शब्द मालतीने इथल्या बाजारात उचलला असावा. मी तिच्याशी बोलले. ती म्हणाली, खायला काही नको, मावशी. वास येतो आहे. सुकवलेल्या मासळीसारखा, पण मासळीचा नव्हे. सडक्या लसणासारखा, पण लसणाचाही नव्हे. दुपारी जास्त येतो, पलंगावर निजलं की येतो. 'तर्चिउम' हाच शब्द तिने पुन्हा पुन्हा वापरला. मी ते सगळं सुमनला जसंच्या तसं सांगितलं. सुमनचा सूर एकदम हळवा झाला. "म्हंजे डोहाळेच की गं. लाजती बिचारी. आईच्या हातचं आठवत आसंल."

मला ते पटलं. कुणाला पटलं नसतं? आपल्याकडे पोटुशी बाई काहीही म्हणाली तरी तिच्या तोंडून पोटातला जीव बोलतो असं आपण धरून चालतो. तिला माती खावीशी वाटली तर डोहाळे, रात्री चिंच हवी झाली तर डोहाळे, तिला कोळशाचा, रॉकेलचा, न्हाणीतल्या ओल्या भिंतीचा वास आवडला किंवा नकोसा झाला तरी डोहाळेच. माझ्या आईला माझ्या वेळी म्हणे सायकलच्या ट्यूबचा वास हवासा वाटायचा, आणि वडील शेजारच्या दुकानातून खरंच एक फाटकी ट्यूब आणून द्यायचे. किती सुंदर रीत आहे ही, की नऊ महिने का होईना बाईच्या इंद्रियांना घरात राणीचा मान मिळतो. तिचा प्रत्येक वास ऐकून घेतला जातो. फक्त तो वास बाहेरून येत असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्या दिवसांत घरात ज्या गोष्टी घडत होत्या त्या सगळ्या शुभ वाटाव्यात अशाच होत्या. धान्याच्या खोलीतल्या मुंग्यांची रांग, जी सुमनने लग्न होऊन आल्यापासून पाहिली होती, ती नाहीशी झाली. पडदीच्या फटीशी झुरळं उलटी होऊन पडलेली सापडली. उंबऱ्यापाशी एक पाल मरून पडली होती, तिला रामभाऊंनी केरसुणीने लोटून दिलं. पोत्यांवर झोपणारी भाटी मांजर ओट्यावर मुक्कामाला आली आणि कितीही चुचकारलं तरी आत जाईना. "औषध लय भारी लागू पडलंय," सुमन मला कौतुकाने म्हणाली, "एक मुंगी शिल्लक नाय बघ." मी फोनवर हो हो म्हटलं. मुंग्या घरातून का निघून जातात, याचा विचार मुंग्या असताना कुणी करत नाही आणि गेल्यावर तर मुळीच करत नाही.

मालतीचं डोकं दुखू लागलं. खाल्लेलं पोटात टिकेना. सातव्या महिन्यात ओकाऱ्या कशा, असं मी म्हटलं, तर शेजारच्या काकूंनी सांगितलं की काहींना शेवटपर्यंत लागतं. ती दुपारी उशी घेऊन ओट्यावर यायची, मांजराशेजारी भुईवर आडवी व्हायची, आणि सुमन तिला प्रेमाने उठवून पुन्हा आत नेऊन निजवायची. पोटुशीने उघड्यावर निजू नये, कुणाची नजर, कसलं वारं. एसी सुरू करून द्यायची, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावायची, दार ओढून घ्यायची. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण त्या दाराला लावलेला प्रत्येक हात मायेचा होता.

डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान फुटतात. तेव्हा माळकरी सुमनने मन घट्ट केलं. स्वयंपाकघरात ते चालणार नव्हतं. मग मळ्याच्या बांधावर तीन दगड मांडून चूल केली, शेजारच्या एका बाईला बोलावलं, गंगापूर धरणातला मासा आणवला, आणि भांडीही तिचीच वापरली. वाऱ्याबरोबर धूर घराकडे येत होता, पण सुमनला त्या वासाचं काही नव्हतंच. देवाने नाक नेलं ते याच्यासाठीच बहुतेक, असं ती म्हणाली आणि स्वतःच हसली. ताट घेऊन ती सुनेजवळ बसली. मालतीने सासूच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, दोन घास खाल्ले आणि ती रडायला लागली. सुमनला वाटलं, आईच्या आठवणीने. त्या संध्याकाळी मालतीने मला फोन केला. फार थकलेली होती. तिने विचारलं, मावशी, मला वेड लागतं आहे का?

मी तिला म्हटलं, वेडे, उद्या तुझं डोहाळजेवण आहे, मी येतेच आहे, मग बोलू.

फुलांच्या घरातलं डोहाळजेवण काय असतं ते एकदा पाहायला हवं. झोपाळ्याच्या दोन्ही साखळ्या निशिगंधाने मढवल्या होत्या, पाठीला गुलाबाची जाळी होती, आणि मालतीच्या अंगावर मोगऱ्याच्या कळ्यांचे बाजूबंद, मेखला, मुकुट, वेणी. ओल्या फडक्यातून नुकत्याच काढलेल्या त्या कळ्या बायकांच्या गर्दीत, उकाड्यात, दुपारीच उमलायला लागल्या होत्या. त्या घमघमाटात दुसरा कुठलाही वास तग धरणार नव्हता. हिरव्या साडीत मालतीचा चेहरा मातकट दिसत होता. बायका गाणी म्हणत होत्या. पुढे ठेवलेल्या झाकल्या वाट्यांपैकी तिने एक उघडली, पेढा निघाला, आणि मुलगा मुलगा असा एकच गलका झाला. ती हसली आणि हसता हसता झोपाळ्याच्या साखळीला धरून वाकली. "दिष्ट लागली," कुणीतरी म्हणालं. सुमनने मीठमोहऱ्या उतरवल्या, तिला खांद्याला धरून गार खोलीत नेलं, निजवलं आणि बायकांच्या कालव्याचा त्रास नको म्हणून दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने पन्ह्याचा पेला घेऊन मी आत गेले.

आधी फक्त गारवा जाणवला. मग तिच्या केसांतला मोगरा. आणि मग त्या मोगऱ्याच्या खालून, ओल्या फडक्याखालून काहीतरी सरकावं तसं, ते आलं. मी काही हुंगत नव्हते, शोधत नव्हते, माझ्या हातात पेला होता आणि मनात तिला काय बोलून हसवावं याचा विचार होता. सडका लसूण. नासलेली मासळी. आणि त्याच्या मागोमाग, ज्यांना मी कधी नाक लावलं नव्हतं, ती माझीच वाक्यं आली. शेंगदाण्याच्या पोत्यांचे कंटेनर जहाजावर चढण्याआधी त्यांत कीड मारायला गोळ्या ठेवतात. दमट हवा लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. दारावर कवटीचं चित्र आणि खाली सूचना असते. ती सूचना मी किती व्यापाऱ्यांना करून दिली असेन. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आल्यास तात्काळ बाहेर पडावे. मूळ भाषेत त्या ओळीत तेच क्रियापद आहे, आणि तिथेही कुणाला वास आल्यास हे लिहिलेलं नाही.

मग मी मुद्दाम एक श्वास घेतला, खात्री करायला. तो घ्यायला नको होता, पण घेतला.

मालतीने डोळे किलकिले केले. माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिने काय वाचलं देव जाणे, पण ती कोपरावर उठली आणि तिने तो एकच शब्द विचारला. "तर्चिउम?"

"हो," मी म्हटलं. "तर्चिउम."

तिचा चेहरा एकदम सैल पडला आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या वासाला दुसरं माणूस मिळालं होतं. मी पेला कुठे टाकला मला आठवत नाही. तिला काखेत धरून मी ओढत बाहेर आणलं, ओट्यावर, तिथून अंगणात, लिंबाखाली. फुलांचा मुकुट दारातच पडला. मी ओरडत होते की सगळ्यांनी बाहेर या, पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, गव्हाजवळ जाऊ नका. आणि बायका ताटं हातात घेऊन माझ्याकडे पाहत होत्या, कारण गव्हाचं काय झालं हे कुणालाच कळत नव्हतं. रामभाऊंना मात्र कळलं. ते जागच्या जागी खाली बसले.

आणि सुमन आत धावली. मला वाटलं, खिडकी उघडायला. ती खिडकी उघडून पडदीपाशी उभी राहिली होती आणि छाती भरभरून श्वास ओढत होती, एकामागून एक, डोळे विस्फारून. "मला येत नाय गं ताई! मला कायबी येत नाय! कुठं हाय?" मी तिचा दंड धरून तिला बाहेर खेचलं तेव्हाही ती मान मागे वळवून हुंगतच होती.

दवाखान्यात मालतीला प्राणवायू लावला, सलाईन लावलं, रक्त घेतलं. तिच्या पोटाला पट्टा बांधला आणि यंत्र सुरू केलं. त्या यंत्रातून आधी नुसती खरखर आली. नर्सने पट्टा थोडा वर सरकवला, मग खाली, मग डावीकडे. कान देऊन ऐकण्यासाठी त्या भाषेत एक वेगळा शब्द आहे, मूळ शब्दाला पुढे आणि मागे असे दोन जोड देऊन केलेला. तो मी माझ्या लेखात एका ओळीत उरकला होता. त्या खोलीत आम्ही सगळे तो शब्द झालो होतो. सुमनने माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली. आणि मग, आम्ही काहीही न करता, खरखरीच्या पलीकडून ते ऐकू आलं. टप टप टप टप, घाईघाईने, उशीर झालेल्या माणसाच्या पावलांसारखं.

"ठोके आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. सुमनने हात जोडले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, यंत्राच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "आईच्या जिवाचा धोका टळलाय. बाळाचं आत्ताच काही सांगता येणार नाही. हालचालीवर लक्ष ठेवा. कमी वाटली तर लगेच घेऊन यायचं, सकाळची वाट बघायची नाही."

आता आषाढ लागला आहे. अमोल येऊन तिच्या उशाशी बसला, रजा संपल्यावर परत गेला, बाळंतपणाला पुन्हा येईल. पडदी काढून टाकली. गहू माणसं बोलावून, तोंडं बांधून, दूर नेऊन पुरून टाकला. रामभाऊ त्या दिवसापासून जेवायला बसण्याआधी इतका वेळ हात धूत राहतात की पाणी बंद करायला कुणाला तरी जावं लागतं. मालती पुढच्या खोलीत, चारही खिडक्या उघड्या टाकून झोपते. भाटी मांजर तिच्या पायाशी असते, आणि आता मांजर उठून कुठे जाते याच्याकडे घरातलं प्रत्येक माणूस बघतं. डोहाळे हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नाही. मालतीने नाक उडवलं तरी चार माणसं चार दिशांना हुंगत सुटतात, आणि हे पाहून ती कधीकधी हसते, पण फार वेळ नाही.

माझा लेख तसाच पडला आहे. वास घेणं आणि वास येणं यांच्यामधली रेघ मी फार नेटकी आखली होती. तीत सुमनला कुठे बसवायचं हे मला कळत नाही.

परवा संध्याकाळी मी गेले होते. ओट्यावर मोगरा नव्हता, त्याचा हंगाम सरला. देवापुढे दिवा लावून सुमन त्या रिकाम्या खोलीत गेली. मी दारातून पाहत होते. भिंतीवर पडदीच्या खिळ्यांची भोकं दिसत होती. ती मधोमध उभी राहिली, तिने डोळे मिटले आणि लांब, सावकाश श्वास आत ओढला, थांबली, मग चारही कोपऱ्यांत जाऊन पुन्हा तेच केलं. हे ती रोज करते, असं मालतीने मला नंतर सांगितलं. मग ती बाहेर आली, पलंगावर बसलेल्या सुनेजवळ गेली, वाकली, आणि तिच्या भांगाला नाक टेकवून तिने तसाच श्वास घेतला. ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती.

"वास येतोय का गं तुला कशाचा?" तिने विचारलं.

मालतीने मान वर केली, श्वास घेतला, सगळं घर एकदा पारखून पाहिलं. "नाही, आई."

"आन् बाळ? हाललं का मघाधरनं?"

मालतीने पोटावर हात ठेवला, आणि आम्ही तिघी थांबलो.